कुत्र्याने काय खाल्ले? उत्तर धुऱ्यावर शोधा

जनावरांच्या आजारावर लिहायचे म्हटले की आमची लेखणी गाय, म्हैस, बैल आणि फार तर शेळीपर्यंत जाऊन थांबते. जागलीच्या कुत्र्याबद्दल कोणी लिहीत नाही. काटोल-नरखेडची संत्र्याची बाग असो की भिवापूरकडची मिरची, रात्री रानडुकरांचा कळप वावरात शिरला की पहिला आवाज कुत्राच देतो. त्याच्या कानात बिल्ला नसतो, त्याचा विमा नसतो, कोणत्या दप्तरात त्याची नोंद नसते. मेला की धुऱ्यावर खड्डा खणायचा आणि मोकळे व्हायचे. पण तो कशाने मेला हे न कळताच पुरला तर त्याचे भोग पुढे ढोरांना आणि कधीकधी घरच्या लेकरांनाही भोगावे लागतात. म्हणून आज विषय घेतला आहे तो कुत्र्याला झाडपाल्याची विषबाधा झाली तर निदान कसे होते, आणि त्या निदानात आपले काम कोणते, याचा.

मी पशुवैद्यक नाही, कृषी पदविकेचा माणूस आहे. कोणते इंजेक्शन किती द्यायचे हे मी सांगणार नाही आणि कोणी दुकानदार सांगत असेल तर ऐकूही नका. झाडे मात्र आमच्या धंद्यातली आहेत, आणि या आजाराचे निम्मे निदान झाडाचेच असते.

कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, पाय ताठले, की गावात पाच मिनिटांत निकाल लागतो. कोणी म्हणतो, "पान लागलं असन जी." कोणी म्हणतो पिसाळला. तिसरा हळूच म्हणतो, "कोणीतरी घातलं त्याले." हे तिन्ही निकाल कधीकधी खरे असतात, म्हणूनच ते घातक आहेत. सर्पदंश मानून मांत्रिकाकडे नेले की दोन तास जातात. पिसाळला म्हणून काठ्या घातल्या की बरा होऊ शकणारा कुत्राही जातो. आणि कोणी घातले म्हणून आरडाओरड झाली की धुऱ्यावरचे जुने भांडण उकरले जाते, गोष्ट पोलिस पाटलापर्यंत जाते. जनावर विष देऊन मारणे हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये त्याला शिक्षा आहे. पण गुन्हा आधी सिद्ध व्हावा लागतो, आणि ज्या गोष्टीने तो सिद्ध किंवा खोटा ठरणार ती गोष्ट बहुतेक वेळा आपणच खड्ड्यात पुरलेली असते.

आता डॉक्टर काय पाहतात ते बघा. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यावरून बाकीचे कळेल.

धोतरा आपल्याकडे उकिरड्याशेजारी, पडीत, रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतो. त्याच्या बियांत आणि पानांत जे विष आहे त्याने तोंड कोरडे ठाक पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, छाती जोरात धडधडते, कुत्रा सैरभैर होऊन भिंतीवर आदळतो. आता कपाशीवर फवारायच्या सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधाची बाधा घ्या. तिथे नेमके उलटे होते. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लघवी-शौच आपोआप होते, अंगावरचे स्नायू थरथरतात. उलटीला पुष्कळदा लसणासारखा उग्र वास येतो. या दुसऱ्या बाधेवर अॅट्रोपीन नावाचे इंजेक्शन देतात. गंमत अशी की धोतऱ्यातले एक मुख्य विष म्हणजे अॅट्रोपीनच. म्हणजे धोतरा खाल्लेल्या कुत्र्याला "फवारणीची बाधा दिसते" म्हणून कोणी ते टोचले, तर विषावर विषच चढवल्यासारखे होईल. एका आजारात जीव वाचवणारी सुई दुसऱ्या आजारात जीव घेऊ शकते, आणि दोन्हीत घरच्या माणसाने डॉक्टरला सांगितलेले असते ते एवढेच, की "साहेब, तडफडते."

फवारणीचा धडा आपल्या विदर्भाने फार महाग शिकला आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. एकापेक्षा जास्त औषधे मिसळून फवारल्याचे प्रकार तेव्हा समोर आले. माणसाच्या बाबतीत जे झाले तेच कुत्र्याच्या बाबतीत होते. फवारलेल्या धुऱ्यावरचे गवत कुत्रा चघळतो, उलटी करतो. मुळात गवत खाऊन उलटी करणे ही कुत्र्याची सवय आहे, त्यात आजार असतोच असे नाही. पण गवत निरुपद्रवी असले तरी त्यावर काय पडले आहे, हा प्रश्न वेगळा. फोरेट या दाणेदार औषधावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तरी एखाद्या कोठ्याच्या कोपऱ्यात जुना डबा असू शकतो. घरात तसा डबा असेल तर डॉक्टरपासून लपवू नका. ते पोलिस नाहीत.

दुसरी गोष्ट एरंडीची. एरंडाच्या बीमध्ये रिसीन नावाचे जहाल विष असते. तेल काढले की ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. भरपूर तापवले तर निकामी होते, पण प्रत्येक पोत्यातली पेंड तेवढी तापवलेली असेलच याचा भरवसा नाही. ही पेंड आपण झाडाच्या बुडाशी खत म्हणून टाकतो. कुत्र्याला तिचा वास आवडतो. त्यात हाडांचा चुरा मिसळला असेल तर विचारायलाच नको.

मागे एका गावात असा प्रकार पाहण्यात आला. बागेतला कुत्रा आणि त्याच्यासोबतचे एक पिलू, दोघांनाही सकाळी उलट्या सुरू झाल्या, दुपारी शौचातून रक्त पडू लागले. आदल्या दिवशी दोघे ठणठणीत होते. मालकाचा आणि शेजाऱ्याचा धुऱ्यावरून वाद होताच, त्यामुळे संशय कुठे गेला हे सांगायला नको. पिलू संध्याकाळी मेले. आलेल्या पशुवैद्यकांनी कोणावर संशय हे विचारलेच नाही, त्यांनी विचारले, "दोन दिवसांत बागेत काय टाकलं?" खोपडीत पोते होते, खालून कुरतडलेले. पिलाचे शवविच्छेदन केले तेव्हा पोटात पेंडीचा गोळा निघाला आणि त्यात एरंडीच्या ठिपकेदार सालीचे तुकडे दिसले. कुत्रा सलाईनवर चार दिवसांनी उठला. तक्रार लिहायची राहिली. त्या दोन घरांचे बोलणे मात्र अजून सुरू झालेले नाही, कारण त्या दिवशी तोंडातून गेलेले शब्द कोणत्याही शवविच्छेदनाने परत येत नाहीत.

या प्रकारात पशुवैद्यकांना वाट दाखवली ती वेळेने. एरंडीचे विष लगेच दिसत नाही, पाच-सहा तास ते दीड-दोन दिवसही घेते. त्यामुळे "आज सकाळी काही खाल्लं नाही" या उत्तराला फारसा अर्थ नसतो; काल आणि परवाचे सांगावे लागते. गुंजेचेही तसेच. सोनाराच्या तराजूत बसणारी ती लाल-काळी बी अख्खी गिळली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते, दाताखाली फुटली तर मारते. कण्हेर मात्र काही तासांतच रंग दाखवते. लाल-पांढरी असो की पिवळी बिट्टी, हिच्या पानापासून बीपर्यंत सगळ्यात हृदयावर चालणारे विष आहे, आणि पान वाळले म्हणून ते जात नाही. कण्हेर छाटली की त्या काड्या कुंपणाशी पडून राहतात आणि पिलांना काड्या चघळण्याची भारी हौस. अशा पिलाला उलट्या होतात, पण डॉक्टरचे लक्ष असते ते ठोक्यावर: ठोका मंद, मध्येच चुकणारा, कधी एकदम वेगाचा. त्याच्या हृदयाचा आलेख काढता आला तर निदान बरेच पक्के होते.

कांद्याची गोष्ट ऐकून काही जण हसतील. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. एका फोडीने काही होत नाही. पण लग्नाच्या पंगतीनंतर कांद्याचा रस्सा कुत्र्याला पोटभर घातला, किंवा उरलेली भाजी रोज घालत राहिले, तर तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहाच्या रंगाची येते. हीच लक्षणे गोचीड तापाचीही आहेत, आणि गोचीड आपल्याकडच्या कोणत्या कुत्र्याच्या कानात नाही? बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फरक कळतो: गोचीड तापात पेशीच्या आत जंतू सापडू शकतात, कांद्याच्या बाधेत पेशीच्या कडेला फुगीर गाठीसारखे ठिपके दिसतात. म्हणून "रक्त काढू नका साहेब, आधीच अशक्त आहे" असे म्हणून डॉक्टरचा हात धरू नका.

शहरातल्या बंगल्यांपुढे आणि आता गावातल्या नव्या घरांपुढेही सायकस नावाचे शोभेचे झाड दिसू लागले आहे, छोट्या ताडासारखे. त्याची बी कुत्र्याचे यकृत निकामी करते. पहिल्या दिवशी नुसती उलटी होते, मग बरा वाटतो, आणि दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे पडतात. मधला बरा वाटण्याचा काळच फसवतो.

सापाचे काय, असे तुम्ही विचाराल. घोणस चावली असेल तर जागा सुजते आणि रक्त गोठत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरपी करायची. पातळच राहिले तर घोणशीचा संशय बळावतो. इतकी साधी तपासणी आहे. नाग-मण्यारीच्या दंशात रक्त बहुधा गोठते, पण पापण्या पडतात, मान टाकली जाते, श्वास अडकू लागतो. यात एक जुना घोळ सांगण्यासारखा आहे. इंग्रजी अमदानीत कातड्यासाठी किंवा वैरापोटी गुराढोरांना मारायला गुंजेच्या वाटणाच्या बारीक सुया करून त्या कातड्याखाली टोचत. जागा सुजे, जनावर दोन-चार दिवसांत मरे, आणि लोक म्हणत साप चावला. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या सुयांची नोंद आहे. तेव्हाही खरे काय ते जखम उघडून पाहिल्यावरच कळत असे.

राहता राहिले पिसाळणे. कच्चा अळू किंवा शोभेच्या कुंडीतले डिफेनबॅकिया चघळले की तोंडात सुया टोचल्यासारखी आग होते, जीभ सुजते, लाळेची धार लागते, कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो. घशात हाड अडकले तरी असेच होते. आणि रेबीजमध्येही जबडा लोंबतो, लाळ गळते. ही तिन्ही एकमेकांसारखी दिसतात. म्हणून लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात उघडा हात घालून "काय अडकलं पाहू" असे कधीही करू नका. त्याला बांधा किंवा खोलीत कोंडा, लस कधी टोचली ते डॉक्टरला सांगा. लाळ जखमेला लागली किंवा तो चावला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. निदान होण्याची वाट पाहू नका.

आता घरगुती उपायांबद्दल थोडे कडक बोलतो. विष उतरावे म्हणून आपण कुत्र्याच्या नरड्यात मिठाचे पाणी ओततो, गोडेतेल ओततो, ताक पाजतो, चिंचेचा कोळ देतो. जास्त मीठ पोटात गेले तर त्यानेच झटके येतात. म्हणजे डॉक्टरपुढे आता दोन विषबाधा. तेल श्वासनळीत गेले तर फुफ्फुसाचा दाह होतो. झटके येत असलेल्या किंवा गुंगीत असलेल्या कुत्र्याला उलटी करवणे तर साफ चूक. डॉक्टर विष शोषण्यासाठी कोळशाची काळी भुकटी देतात, ती पाहून कोणी चुलीतला कोळसा कुटून पाजतो. तो कोळसा वेगळा असतो, बाप्पा. आणि जे काही पाजले असेल ते लाज न बाळगता सांगा, कारण त्यानेही लक्षणे बदलतात.

मग आपण करायचे काय? कुत्र्याच्या तोंडातले, अंगाखालचे, उलटीतले काय ते पाहायचे. उलटी धुऊन टाकू नका. स्वच्छ बरणीत किंवा नव्या पिशवीत थोडी भरून थंड जागी ठेवा. कुत्रा शेवटचा ठणठणीत कधी दिसला आणि पहिली उलटी कधी झाली, या दोन वेळा कागदावर लिहा. वजन अंदाजे किती, तेही. मग दहा मिनिटे तो जिथे फिरतो तिथे चक्कर मारा: कुरतडलेली काडी, फोडलेली शेंग, उकरलेले बूड, फाटलेले पोते. संशयाच्या झाडाची पान, फूल, शेंग असलेली अख्खी फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत घ्या. पॉलिथिनमध्ये ती उन्हात शिजते आणि ओळखू येत नाही. मोबाइलवर फोटो काढून झाडाचे नाव सांगणारी साधने आता आली आहेत, पण ती एरंड आणि मोगली एरंडातही गोंधळू शकतात. फांदी ती फांदी. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले असेल तर बाटलीचे लेबल न्या. घरी दुसरा माणूस असेल तर हे शोधकाम त्याच्यावर सोपवा आणि कुत्र्याला आधी हलवा.

हे सगळे एवढे का, तर प्रयोगशाळेत सगळी विषे एकदम दाखवणारे यंत्र नसते. काय शोधायचे ते आधी सांगावे लागते. ढोरांच्या बाबतीत आपल्याला याचा अनुभव आहे. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी बैलाने खाल्ली की सायनाइडची बाधा होते आणि रक्त लालभडक दिसते. नायट्रेट साठलेला चारा खाल्ला तर रक्त चॉकलेटी होते. दोन्हीत बैल धापा टाकत पडतो, पण इंजेक्शन वेगळे. ज्वारी कापून बंद बाटलीत घातली आणि वर पिक्रिक आम्लात भिजवलेली पिवळी कागदी पट्टी टांगली, तर सायनाइड असल्यास ती विटकरी होते. ही तपासणी डॉक्टर तेव्हाच करतील जेव्हा तुम्ही "ज्वारीत शिरला होता" असे सांगाल. कुत्र्याच्या एरंडी-कण्हेरीला तर असा पट्टीचा सोपा मार्गही नाही.

कुत्रा मेलाच तर पुरण्याची घाई करू नका. सावलीत ठेवा, जमल्यास बर्फ लावा, आणि जो जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना असेल तिथे कळवा. नागपूरच्या उन्हात चार-सहा तासांत आतले अवयव सडू लागतात. विष तपासायचे तर जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात पाठवतात. फॉर्मेलीनमध्ये टाकले तर ते रासायनिक तपासणीला निरुपयोगी होतात. हे काम डॉक्टरचेच, पण गावात पंचनामा करणाऱ्यांना ठाऊक असलेले बरे. घातपाताचा संशय असेल तर नमुने पोलिसांमार्फत नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात, कोणाच्या झोळीतून नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना एक विनंती. वृक्षारोपणात कण्हेर लावायचीच असेल तर ढोरांच्या हौदाजवळ, शाळेच्या आवारात आणि अंगणवाडीपुढे लावू नका, आणि छाटणी झाली की काड्या त्याच दिवशी उचलण्याची जबाबदारी कोणावर तरी टाका. एकाच आठवड्यात गावात दोन-तीन कुत्री मेली तर ती कुत्र्यांची बाब म्हणून सोडू नका. तेच पोते, तेच डबके, तोच फवारलेला धुरा उद्या शेळीला आणि परवा खेळणाऱ्या पोराला भेटणार असतो.

पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा निःशुल्क क्रमांक १९६२ आहे. अवघड प्रकरण असेल तर १९५८ पासून चालू असलेले आणि आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली असलेले आपले नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे. तिथल्या दवाखान्यात कुत्रीही तपासतात. जाताना फांदी, बरणी आणि वेळा लिहिलेला कागद घेऊन जा. आणि बागेत पेंड टाकायची असेल तर बुडाशी चर खणून मातीआड करा, उरलेले पोते जमिनीवर न ठेवता खोपडीच्या आड्याला टांगा.